मेणाचे ठोकळे जाळण्याआधी : एका विषशास्त्र प्रयोगशाळेच्या संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. संचालक मंडळ,
आणि औद्योगिक रसायनांना परवानगी देणाऱ्या कार्यालयांतले सर्व संबंधित

स. न. वि. वि.

प्रयोगशाळेचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांच्यासाठी लिहितेय त्यांना ते सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांनी ते शोधत बसू नये. जुने नमुने ठेवलेली असली तळघरं पुष्कळ ठिकाणी आहेत.

आपलं परिपत्रक वाचलं. कुणी दाखवलं ते विचारू नका, ते जिन्याजवळच्या फलकावर लावलेलंच होतं. 'अभिलेखागारातील 15 वर्षांहून जुने नमुने, ज्यांचे साठवणशुल्क प्रायोजकांकडून येत नाही, ते या तिमाहीअखेर नष्ट करण्यात येतील.' एवढंच. खाली सही आणि शिक्का.

या इमारतीत मी 27 वर्षं हिस्टॉलॉजीची, म्हणजे अवयवांचे सूक्ष्म काप काढणारी, तंत्रज्ञ म्हणून काढली. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञही नाही. कुठल्या अहवालाच्या पहिल्या पानावर माझं नाव कधी आलं नाही, यायचं कारणही नव्हतं. पण आपण जे 'नमुने' म्हणता, त्यातले निम्मे तरी माझ्या हातचे आहेत. ते काय आहेत हे सांगणं मला भाग आहे, कारण परिपत्रक लिहिणाऱ्याने तळघराची पायरी उतरलेली दिसत नाही.

नेक्रॉप्सीच्या, म्हणजे मेलेला प्राणी उघडून तपासायच्या टेबलावरून अवयव येतो तो फॉर्मेलिनच्या, म्हणजे फॉर्मल्डिहाइडच्या पाण्यातल्या द्रावणाच्या बरणीत. त्याचा नखाएवढा तुकडा कापायचा, कॅसेटमध्ये ठेवायचा, कॅसेटच्या कडेला पेन्सिलीने क्रमांक घालायचा. पेन्सिलीनेच, कारण पुढे अल्कोहोल आणि झायलीन लागतं, त्यात शाई विरघळून जाते. मग वितळलेलं मेण. थंड झाला की ठोकळा तयार. तो मायक्रोटोम या काप काढायच्या यंत्रावर चढवून चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढायचे. काप एकमेकांना चिकटून रिबीन निघते, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. त्या वेळी श्वास रोखून धरावा लागतो, नाहीतर आपल्याच श्वासाने ती उडून जाते. कोमट पाण्यावर ती अलगद सोडायची, सुरकुत्या गेल्या की खालून काच घालून उचलायची. मग रंग : पेशींची केंद्रकं निळी-जांभळी, बाकी सगळं गुलाबी. नीट केलेली स्लाइड अनेक दशकं टिकते. मेणाचा ठोकळा त्याहूनही जास्त, आणि त्यातून हवे तेव्हा नवे काप काढता येतात.

म्हणजे हा कागदपत्रांचा ढीग नाही. ज्या उंदरावर रसायन तपासलं त्याला काय झालं, हे अजूनही विचारता येईल अशी ती जागा आहे.

आता एक गोष्ट सांगते, ती आपल्या क्षेत्राबाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसते, आणि माझ्या सगळ्या तक्रारीचं मूळ तिच्यातच आहे.

एखाद्या रसायनाने कर्करोग होतो का हे पाहणारी नेहमीची चाचणी उंदरांवर 24 महिने चालते. प्रत्येक गटात 50 नर, 50 माद्या. रसायनाच्या तीन मात्रा आणि रसायन न दिलेला एक कंट्रोल गट, असे किमान चार गट, म्हणजे 400 उंदीर. प्रत्येकाचे चाळीसएक अवयव धरले तरी 16,000 तुकडे. हे सगळे कुणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतं का? नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांप्रमाणे संपूर्ण तपासणी होते ती सर्वांत मोठ्या मात्रेच्या गटाची, कंट्रोल गटाची आणि मधेच मेलेल्या प्राण्यांची. मधल्या आणि लहान मात्रेच्या गटांत डोळ्यांना काही गाठ-डाग दिसला तर तेवढाच अवयव पाहतात. मोठ्या मात्रेत एखाद्या अवयवावर परिणाम आढळला, तरच तो अवयव खालच्या गटांत तपासायचा. नाहीतर ते तुकडे तसेच राहतात. आमच्याकडे त्यांचे ठोकळे करून ठेवायची पद्धत होती, काप न काढता.

आणि माणसाच्या अंगात रसायन जातं ते कुठल्या मात्रेने? मोठ्या नाही. कारखान्याच्या हवेतून, पाण्यातून, भांड्यातून, रंगातून, थेंबाथेंबाने आणि वर्षानुवर्षं. म्हणजे माणसाच्या सर्वांत जवळचा जो गट, तोच सर्वांत कमी पाहिलेला. आपण जाळायला काढलेल्या ठोकळ्यांत असे कधीच न कापलेले ठोकळे हजारोंनी आहेत.

मोठ्या मात्रेत काही झालं नाही तर लहान मात्रेत काय होणार, असं विचारणं साहजिक आहे. पॅरासेल्सस 16व्या शतकात सांगून गेला की मात्राच विष ठरवते, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या वाटेने जाणाऱ्या रसायनांचं गणित नेहमी असं सरळ चढत नाही. आणि दुसरं कारण फार साधं आहे. मोठ्या मात्रेचे प्राणी कधीकधी गाठ व्हायच्या आधीच दुसऱ्या कशाने तरी मरतात. मेलेल्या उंदराला कर्करोग होत नाही.

हे मी पुस्तकातून लिहीत नाही. रंग बनवताना लागणाऱ्या एका मधल्या रसायनाची दोन वर्षांची स्टडी आमच्याकडे झाली. रसायनाचं नाव, प्रायोजकाचं नाव, वर्ष, काहीच लिहीत नाही. मोठ्या मात्रेचे उंदीर मूत्रपिंडं निकामी होऊन वर्ष-सव्वा वर्षात जाऊ लागले. त्यांची मूत्राशयं मीच कापली, डॉक्टरांनी पाहिली, गाठ नव्हती. स्टडी संपल्यावर मधल्या गटाची मूत्राशयं माझ्यासमोर आली. मूत्राशय फॉर्मेलिनने फुगवून ठेवतात, म्हणजे आतलं अस्तर ताणून नीट दिसतं. तीनचार ठिकाणी मला ते बोटांना जाड लागलं. बोटांना, डोळ्यांना नव्हे. मी डॉक्टरांना सांगितलं. ते चांगले गृहस्थ होते, त्यांनी दोन नमुन्यांवर नोंद केली, त्यांचे काप निघाले. निदान : पेशींची वाढ, वयोमानानुसार. उरलेल्यांवर डोळ्यांना दिसणारा डाग नव्हता, म्हणून नियमाप्रमाणे ते कापले गेले नाहीत. अहवालाच्या सारांशात मूत्राशय हा शब्दच नाही.

मी कुणावर आरोप करत नाही. कुणीही नियम मोडला नाही. माझ्या बोटांची चूकही झाली असेल. दोन वर्षांच्या उंदराची कातडी, मूत्राशय, डोळे सगळंच म्हातारं झालेलं असतं. पण मधल्या आणि लहान गटांचे मिळून ते जवळपास 200 ठोकळे तिसऱ्या रांगेतल्या खालच्या कप्प्यात आहेत, आणि आपल्या यादीत त्यांचा क्रमांक आहे.

रंग आणि मूत्राशय म्हटलं की मला चैन का पडत नाही, तेही सांगते. अॅनिलीन रंगांच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकाने 1895 साली सांगितलं. प्राण्यांत ते दाखवता येईना. अखेर 1938 मध्ये विल्हेल्म ह्यूपर यांनी 2-नॅफ्थिलअमाइन हे रंगधंद्यातलं रसायन देऊन कुत्र्यांत तशा गाठी झाल्याचं प्रसिद्ध केलं. मधली 43 वर्षं कामगार रंगात हात घालतच होते. ह्यूपर यांनी ते काम सुरू केलं तेव्हा ते एका मोठ्या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. प्रसिद्ध झालं तेव्हा ती नोकरी राहिलेली नव्हती.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार मालकीची आहे. शुल्क देणारा तो मालक, असं परिपत्रक गृहीत धरतं. पैसे कंपनीने दिले, स्टडी कंपनीची, ठोकळे कंपनीचे. कंपनी दुसरीत विलीन झाली, पत्रांना उत्तर देईना, की ठोकळे बेवारस. अहो, पण ते रसायन तर बेवारस झालेलं नाही! ते अजून कुणीतरी बनवतंय, कुणीतरी हाताळतंय. ज्या निष्कर्षाच्या जोरावर त्याला परवानगी मिळाली, तो निष्कर्ष ज्या मेणात आहे, ते मात्र कुणाचंच नाही.

प्रायोजकाच्या कुलुपात राहिलेल्या निष्कर्षाचं काय होतं, याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. कारखान्याच्या पाऱ्याने विषबाधा झालेल्या जपानमधल्या मिनामाटाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, तिथल्या मांजराची गोष्ट कमी जणांना. चिस्सो कंपनीच्या कारखान्याला जोडलेल्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा. या विचित्र आजाराची खबर आरोग्य खात्याला 1956 साली गेली ती त्यांच्याच रुग्णालयातून. पुढे 1959 मध्ये त्यांनी कारखान्याच्या अॅसिटाल्डिहाइड विभागाचं सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला द्यायला सुरुवात केली. मांजर क्रमांक 400. ऑक्टोबरमध्ये त्याला झटके येऊ लागले, तोल जाऊ लागला, खाडीकाठच्या मांजरांसारखाच आणि माणसांसारखाच. होसोकावांनी कंपनीला सांगितलं. कंपनीने हे बाहेर जाऊ दिलं नाही. पारा समुद्रात जातच राहिला, 1968 पर्यंत. होसोकावांनी अखेर 1970 मध्ये आजारपणात, रुग्णालयातल्या खाटेवरून साक्ष दिली, आणि त्याच वर्षी ते गेले.

त्या गोष्टीचा शेपटाकडचा भाग मात्र माझ्यासारख्यांचा आहे. त्याच प्रयोगमालेतल्या दुसऱ्या एका मांजराचे, क्रमांक 717 चे, अवयव कुणीतरी जपून ठेवले होते. चाळीसएक वर्षांनी जपानी संशोधकांनी ते पुन्हा तपासले, त्यात पारा सापडला, आणि 2001 मध्ये ते छापून आलं. ते अवयव त्या 40 वर्षांत एखाद्या जागेची अडचण झालेल्या अधिकाऱ्याच्या हाती लागले असते तर?

पीव्हीसी प्लास्टिक ज्यापासून बनतं त्या व्हिनाइल क्लोराइडचंही तेच. इटलीतल्या बोलोन्याच्या सेझारे माल्टोनी यांना 1970च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांच्या यकृतात अँजिओसार्कोमा दिसला, अतिशय दुर्मीळ गाठ. संशोधनाला पैसे देणाऱ्या युरोपीय कंपन्यांनी ते अमेरिकी कंपन्यांना कळवलं, पण गुप्ततेच्या करारावर. जानेवारी 1974 मध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिल इथल्या कारखान्यातल्या कामगारांचे तशाच गाठीने झालेले मृत्यू जाहीर झाले, तेव्हा लोकांना कळलं. उंदरांना आधी झालं होतं. कामगारांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी तक्रार नियामक कार्यालयांकडे. आपण सारांश वाचता. मला मान्य आहे, एका स्टडीचा पूर्ण अहवाल हजारो पानांचा असतो आणि आपल्याकडे माणसं थोडी. पण सारांशाला मान डोलावणं म्हणजे तपासणी नव्हे, हे आपल्या क्षेत्राने एकदा फार महागात शिकून झालंय. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या खासगी चाचणी प्रयोगशाळांपैकी इंडस्ट्रियल बायो-टेस्ट ही एक होती. 1976 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनातल्या एड्रियन ग्रॉस यांना तिचा एक अहवाल खटकला, का, तर आकडे फारच स्वच्छ होते. खऱ्या उंदरांचे आकडे इतके स्वच्छ नसतात, हे उंदीरखान्यात एक उन्हाळा काढलेला कुणीही सांगेल. ग्रॉस कच्च्या नोंदींपर्यंत गेले. तिथे 'टीबीडी' अशी अक्षरं जागोजाग होती. अर्थ : तपासता येणार नाही इतका कुजलेला प्राणी. 1983 मध्ये तिथल्या तीन अधिकाऱ्यांना शिक्षापात्र ठरवलं गेलं. आज आपण ज्या जीएलपीच्या, म्हणजे 'गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस'च्या शपथा घेतो, ते नियम याच प्रकरणातून 1978 मध्ये आले.

जीएलपीने मला काय शिकवलं ते एका वाक्यात सांगता येईल : व्हाइटनर वापरायचा नाही. नोंद चुकली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर नोंद, कारण, सही, तारीख. नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्याकडून दोन उंदरांच्या कॅसेट उलटसुलट झाल्या, यकृत एकाचं, क्रमांक दुसऱ्याचा. रात्रभर झोप नव्हती. सकाळी क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या बाईंसमोर रेघ मारली, कारणाच्या रकान्यात 'माझी चूक' लिहिलं. त्या म्हणाल्या, "कारण नीट लिहा, असं नाही लिहायचं." मग नीट लिहिलं. ती नोंदवही आजही तिथे असेल. आपल्या यादीत नोंदवह्याही आहेत का, हे परिपत्रकातून कळत नाही. असतील तर संपूर्ण तळघरालाच व्हाइटनर लागणार आहे.

तिसरी तक्रार : 'काही सापडलं नाही' अशा स्टडीज सर्वांत आधी जाळायच्या यादीत आहेत. काही न सापडणं हे कुठे आणि कसं पाहिलं यावर फार अवलंबून असतं. 1998 मध्ये पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत कंट्रोल गटातल्याच उंदरांच्या बीजांडांत गुणसूत्रांची गडबड अचानक वाढली. ज्यांना काहीच दिलं नव्हतं, त्यांच्यात. शोध घेतला तर पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकून फरशी धुण्याच्या डिटर्जंटने धुतलेल्या निघाल्या. प्लास्टिक झिजून त्याचा घटक, इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं वागणारं बिस्फिनॉल-ए, पाझरत होतं. मग 'बिस्फिनॉल-ए नसलेल्या' प्लास्टिकची लाट आली, त्यात त्याचीच भावंडं वापरली गेली. 2018 मध्ये त्याच हंट यांच्या प्रयोगशाळेने खराब झालेल्या दुसऱ्या प्रकारच्या पिंजऱ्यांमुळे पुन्हा तसाच परिणाम दिसल्याचं लिहिलं, या वेळी कारण ती भावंडं. पिंजरा धुणाऱ्याच्या हातात कोणता कॅन होता यावर विज्ञान ठरतं, हे ऐकायला बरं वाटत नाही. पण तसं आहे.

याच रसायनाच्या लहान मात्रेवरच्या प्राण्यांतल्या अभ्यासांची मोजदाद फ्रेडरिक व्हॉम साल आणि क्लॉड ह्यूज यांनी 2005 मध्ये छापली. 2004 अखेरपर्यंतचे 115 अभ्यास, त्यातल्या 94 मध्ये परिणाम आढळला होता. सरकारी पैशाच्या अभ्यासांत हे प्रमाण 90 टक्क्यांहून जास्त, उद्योगाच्या पैशाच्या अभ्यासांत शून्य. सगळेच खोटं बोलत होते असं नाही. काहींनी वापरलेली उंदरांची जातच इस्ट्रोजेनला दाद न देणारी होती, हेही त्यांनी दाखवलं. म्हणून म्हणते, 'काही सापडलं नाही' हा निष्कर्ष जपायचा तर ज्यात सापडलं नाही ते मेणही जपा.

चौथी तक्रार लहान आहे पण मला लागलेली आहे. उंदरांची. दोन वर्षं पिंजऱ्यात ठेवून शेवटी आपण त्यांना मारतो. आम्ही 'सॅक्रिफाइस' म्हणतो, शब्द चांगला शोधलाय. प्राण्यांचा वापर कमी करा, शक्य तिथे टाळा, त्रास कमी द्या, ही तीन तत्त्वं रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये मांडली आणि ती आपल्या प्रवेशद्वारात चौकटीत लावलेली आहेत. मेलेल्या उंदरांचे न पाहिलेले ठोकळे जाळायचे आणि उद्या तोच प्रश्न आला की नवे 400 मागवायचे, हे त्या चौकटीखालून जाताना कसं वाटतं, एवढं विचारावंसं वाटतं.

आपली बाजू मला कळत नाही असं नाही. जागा नाही. तळघरात ओल आहे, उन्हाळ्यात मेण मऊ पडतं, वातानुकूलनाचं बिल येतं, देणारा कुणी नाही. आणि जुने ठोकळे उकरले की प्रत्येक वेळी कंपनीविरुद्धच काहीतरी निघेल, अशी धास्तीही असावी. ती धास्ती निराधार आहे. डायॉक्सिन या विषारी रसायनावरच्या 1978च्या गाजलेल्या स्टडीतल्या मादी उंदरांच्या यकृताच्या स्लाइड्स 1990 मध्ये नव्या निकषांनी पुन्हा वाचल्या गेल्या, तेव्हा गाठींची संख्या कमी भरली. सॅकरिन या कृत्रिम गोडीने नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या, पण ती वाट उंदराच्या मूत्राच्या खास घडणीतून जाते असं कळलं आणि 2000 मध्ये अमेरिकेच्या कर्करोगकारकांच्या यादीतून ते नाव निघालं. उंदीर कधी उगीच घाबरवतो, कधी उगीच धीर देतो. दोन्ही वेळा पुन्हा पाहिल्याशिवाय कळत नाही.

आणि माझा स्वतःचा स्वार्थही आहे, तो लपवत नाही. फॉर्मल्डिहाइडच्या वाफेने उंदरांच्या नाकात कर्करोग होतो, हे 1980 मध्ये छापून आलं होतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसासाठी निश्चित कर्करोगकारक ठरवलं 2004 मध्ये. मधल्या काळात मी फॉर्मेलिनच्या बरण्या उघड्या टेबलावर उघडत होते. वाफ ओढून घेणारा हुड नंतर आला. डोळ्यांतून पाणी यायचं, आम्ही त्याला 'हिस्टॉलॉजीचं रडू' म्हणून हसायचो. आज माझ्या नाकाला वास येत नाही, डॉक्टर म्हणतात वयामुळे असेल. वयोमानानुसार, हा शब्द मी बराच ऐकलाय. पण मला निदान इतकं ठाऊक आहे की कुठल्यातरी उंदराने माझ्या आधी त्या वाफेत श्वास घेतला आणि कुणीतरी त्याच्या नाकाचे काप काढून, पाहून, जाहीर केले. हुड आला तो त्यामुळे. भोपाळमध्ये 1984 च्या त्या रात्री रुग्णालयात आलेल्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढे गळलेल्या मिथाइल आयसोसायनेट वायूबद्दल जाहीर झालेली माहिती जवळपास नव्हतीच. या दोन टोकांच्या मधे जे काही असतं, ते आपल्या तळघरात असतं.

मागण्या मोजक्या आहेत आणि त्यातली एकही अशक्य नाही.

परिपत्रक स्थगित करा. रद्द नको म्हणत, स्थगित करा, आणि जाळायच्या यादीतल्या प्रत्येक स्टडीचं रसायन, मात्रा, प्राण्याची जात आणि कोणत्या गटाचे कोणते अवयव कापले गेले नाहीत, हे जाहीर करा. कंपनीचं नाव झाकायचं तर झाका.

यादी जाहीर झाल्यावर विद्यापीठांना आणि सार्वजनिक संस्थांना सहा महिने द्या. ज्याला हवं त्याने घेऊन जावं. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमचं असं भांडार आहे, त्यातल्या जुन्या स्लाइड्स आणि ठोकळे बाहेरच्या संशोधकांनाही अभ्यासाला मिळतात. जुन्या मेणातून डीएनए काढून कोणत्या जनुकात बदल झाला तेही पाहता येतं, जे ठोकळा केला तेव्हा कुणाच्या स्वप्नात नव्हतं. ज्यांना कुणीच घेणार नाही, त्यांच्या स्लाइड्स निदान स्कॅन करून ठेवा.

नियामकांनी परवानगी देताना एक अट घालावी : रसायन बाजारात आहे तोपर्यंत आणि त्यानंतरची काही दशकं, त्याचे नमुने आणि कच्च्या नोंदी जपल्या जातील. खर्च रसायनावर लावा, प्रयोगशाळेवर नको. युरोपने 2007 पासून 'माहिती नाही तर बाजार नाही' असा कायदा चालवला आहे. त्याच्या उलट, अमेरिकेने 1976 च्या कायद्यात आधीपासून वापरात असलेली जवळपास 62,000 रसायनं चाचणीची सक्ती न करता तशीच आत घेतली होती. यातली कुठली वाट धरायची ते आपण ठरवा. पण दिलेली माहितीच नंतर जाळायची असेल तर पहिल्या वाटेचाही उपयोग नाही.

आणि ते 200 ठोकळे कापा. याच तिमाहीत. मूत्राशयाचे काप, एका तंत्रज्ञाचं आठवड्या-दीड आठवड्याचं काम, आणि ज्याचा त्या कंपनीशी संबंध नाही अशा पॅथॉलॉजिस्टने ते गट न सांगता पाहावेत. काही निघालं नाही तर तसं लिहा, मी तो कागद इथेच, याच ठिकाणी लावीन.

काप काढायला मी यायला तयार आहे, मानधन नको. तिसऱ्या रांगेतल्या चिठ्ठ्यांना बुरशी लागलीय, पण कॅसेटवर पेन्सिलीने घातलेले क्रमांक नीट आहेत, आणि ते अक्षर माझंच असल्यामुळे मला वाचता येतं. मायक्रोटोमची पाती मात्र नवी मागवून ठेवा, जुन्या पात्यांनी अस्तर फाटतं.

कळावे,
आपली एक माजी तंत्रज्ञ